बांधावरची किल्ली

निबंधाचा पुढचा परिच्छेद लिहायचा कंटाळा आला की माणूस दुसरंच काहीतरी उकरत बसतो. बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या विद्यापीठातला संशोधक मॅथी व्हानहूफ असाच एकदा ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलचा, म्हणजे तिच्या गाभ्याचा, कोड वाचत बसला होता. कोड नवा नव्हता, शंभरदा डोळ्यांखालून गेलेला होता. त्यातल्या एका ओळीवर त्याची नजर अडली. वाय-फायच्या हँडशेकमधला, म्हणजे किल्ली ठरवायला राउटर आणि लॅपटॉप यांच्यात होणाऱ्या बोलणीतला, तिसरा संदेश आला की ठरलेली किल्ली ड्रायव्हरच्या, म्हणजे वाय-फायचं कार्ड चालवणाऱ्या कोडच्या, हवाली करणारी ती ओळ होती. त्याच्या मनात आलं, हे फंक्शन दोनदा बोलावलं गेलं तर काय होईल? ही हकिकत त्याने स्वतःच नंतर सांगितली आहे.

त्या शंकेतून जे निघालं ते १६ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘क्रॅक’ या नावाने जाहीर झालं. व्हानहूफ आणि त्याचे मार्गदर्शक फ्रँक पिसेन्स यांचा निबंध, दहा सीव्हीई क्रमांक (सुरक्षेतल्या चुकांच्या जाहीर नोंदी), आणि डब्ल्यूपीए२ ही वाय-फायची सुरक्षा-पद्धत वापरणारं जवळपास प्रत्येक उपकरण या ना त्या प्रकारे त्यात सापडलेलं. वर्तमानपत्रांनी ‘वाय-फाय फुटलं’ असे मथळे दिले. पासवर्ड फुटला नव्हता, डेटा कुलूपबंद करणारं एईएस हे गणितही फुटलं नव्हतं. हँडशेक सुरक्षित असल्याची गणिती सिद्धता २००५ साली मांडली गेली होती, तीही चुकीची ठरली नाही. पण त्या सिद्धतेची हद्द ‘दोघांची किल्ली ठरली’ इथे संपत होती. ठरलेली किल्ली एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे केव्हा द्यायची, किती वेळा द्यायची, आणि घेणाऱ्याने ती घेताना काय तपासायचं, हे तिच्या कक्षेतच नव्हतं.

मला हे प्रकरण त्याच जागेसाठी महत्त्वाचं वाटतं. क्रिप्टोग्राफीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कर्नेल आणि यूजरस्पेस (कर्नेलबाहेर चालणारे प्रोग्राम) यांच्यात वाय-फायच्या सुरक्षेची वाटणी कशी झाली होती आणि त्या बांधावर काय पडून राहिलं होतं, यावर त्या मानाने कमी. म्हणून इथे लिनक्स मध्यभागी ठेवतो आणि ओपनबीएसडी शेजारी, कारण त्याने वाटणी वेगळी केली होती.

वाटणी कशी झाली

वेप या वाय-फायच्या पहिल्या सुरक्षा-पद्धतीच्या काळात वाटणीचा प्रश्नच नव्हता. ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ ही कमांड द्यायची, पुढे हेक्समधले दहा नाहीतर सव्वीस अंक लिहायचे, आणि ती किल्ली जशीच्या तशी कर्नेलमार्गे कार्डात जाऊन बसायची. किल्ली एकच, कायमची, सगळ्यांची तीच. कोणी कोणाशी बोलणी करायची नव्हती, त्यामुळे बोलणी कोण करणार हेही ठरवायचं नव्हतं.

२००१ मध्ये वेपची अब्रू गेली. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये ८०२.११आय हे मानक मंजूर झालं, आणि किल्ली ही एकदा लिहून ठेवायची वस्तू न राहता दर जोडणीला नव्याने ठरवायची गोष्ट झाली. घरच्या राउटरवर हे काम तसं आटोपशीर असतं. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ४०९६ वेळा घुसळायचं, त्यातून ३२ बाइटची मूळ किल्ली काढायची, आणि चार संदेशांत दोघांनी पटवून घ्यायचं. पण कॉलेजात किंवा कचेरीत तेच काम ईएपीने, म्हणजे दर माणसाची वेगळी ओळख पटवणाऱ्या पद्धतीने, होतं. मग टीएलएस हे वेबसाइटांना लागतं तेच कुलूप आलं, प्रमाणपत्रं आली, त्यांच्या मुदती, नाव-पासवर्डाच्या आणखी पाच पद्धती. प्रमाणपत्र उलगडणारा कोड कर्नेलमध्ये ठेवायचा म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेलं पत्र थेट तिजोरीच्या खोलीत नेऊन उघडायचं. तिथे एक चूक झाली की सगळं यंत्र परक्याच्या ताब्यात.

म्हणून बोलणी यूजरस्पेसमध्ये गेली. फिनलंडच्या यौनी मालिनेनने सुरू केलेला ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ हा प्रोग्राम ती करू लागला, आणि लिनक्स, फ्रीबीएसडी, पुढे अँड्रॉइड अशा सगळ्यांनी तोच उचलला. कर्नेलकडे राहिलं ते दर पॅकेटचं काम: कुलूप लावणं, उघडणं, मोजणं. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२२ आवृत्तीत ‘मॅक८०२११’ हा कर्नेलमधला वाय-फायचा सामायिक कोड आला आणि ही रचना पक्की झाली. यूजरस्पेसने ‘एनएल८०२११’ या वाटेने हुकूम सोडायचे, ‘सीएफजी८०२११’ ने ते तपासून पुढे ढकलायचे, मॅक८०२११ ने आणि कार्डाने ते पाळायचे.

ही वाटणी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. आज पुन्हा करायला बसलो तरी ईएपी आणि प्रमाणपत्रं मी कर्नेलच्या बाहेरच ठेवीन. पण भावाभावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा विहीर कोणाकडे, आंब्याचं झाड कोणाकडे हे कागदावर येतं आणि बांधावरचं गवत कोणी कापायचं हे राहून जातं, तसं इथे झालं. किल्ली बनवणं सप्लिकंटकडे, किल्ली वापरणं कर्नेलकडे. ‘ही किल्ली आधीच वापरात आहे का?’ हा प्रश्न कोणाच्याच सातबाऱ्यावर चढला नाही.

चार संदेश आणि एक मोजणी

पुढचं कळायला हँडशेक जरा जवळून बघावा लागेल.

पहिल्या संदेशात राउटर एक यादृच्छिक आकडा पाठवतो. या संदेशावर कोणताही शिक्का नसतो, कारण शिक्का मारायची किल्लीच अजून जन्मलेली नसते. दुसऱ्यात लॅपटॉप आपला आकडा पाठवतो. दोन्ही आकडे, दोघांच्या कार्डांचे मॅक पत्ते आणि मूळ किल्ली यांतून एक लांब किल्ली तयार होते आणि तिचे तीन तुकडे पडतात. एक संदेशांवर शिक्का मारायला, दुसरा गुपितं लखोट्यात घालायला, आणि तिसरा, १६ बाइटचा, प्रत्यक्ष डेटा कुलूपबंद करायला. या तिसऱ्या तुकड्याला इथून पुढे सत्र-किल्ली म्हणू. तिसऱ्या संदेशात राउटर गट-किल्ली पाठवतो, म्हणजे सगळ्यांना उद्देशून जाणाऱ्या पॅकेटांची सामायिक किल्ली. चौथा संदेश म्हणजे लॅपटॉपची पोच.

चौथा संदेश वाटेत हरवला तर राउटर तिसरा पुन्हा पाठवतो. रेडिओच तो, पॅकेट हरवायचीच. मानकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता मोजणी. सीसीएमपी या डब्ल्यूपीए२च्या कुलूप लावायच्या पद्धतीत प्रत्येक पॅकेटला ४८ बिटांचा क्रमांक असतो आणि तो चढताच असावा लागतो. किल्ली, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि हा क्रमांक मिळून त्या पॅकेटपुरता बिटांचा प्रवाह बनतो आणि मजकूर त्यात मिसळला जातो. तीच किल्ली आणि तोच क्रमांक दोनदा वापरला तर प्रवाहही तोच येतो. मग दोन पॅकेटं एकमेकांवर ठेवली की प्रवाह गळून पडतो आणि दोन मजकुरांतला फरक तेवढा हाती उरतो. त्यातला एक मजकूर ओळखीचा असला की दुसरा उघडा. घेणाऱ्या बाजूलाही हीच मोजणी असते: शेवटचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि त्याच्या मागचं पॅकेट टाकून द्यायचं, म्हणजे कोणी जुनं पॅकेट पुन्हा वाजवू शकत नाही.

ही मोजणी राहते कर्नेलमध्ये, किल्लीच्याच डब्यात. नवी किल्ली म्हणजे नवा डबा, आणि नव्या डब्यात मोजणी शून्यापासून.

सप्लिकंट किल्ली बसवायला जो हुकूम सोडतो त्याचं नावच ‘नवी किल्ली’ असं आहे. कर्नेलने तो शब्दशः पाळला. तिसरा संदेश दुसऱ्यांदा आला, सप्लिकंटने तीच किल्ली पुन्हा पाठवली, कर्नेलने जुना डबा फेकून नवा मांडला, मोजणी पुन्हा शून्य. हुकमाचा ताबेदार म्हणतात तो हाच.

हल्लेखोराला फार काही करावं लागत नाही. दुसऱ्या चॅनलवर राउटरचं सोंग घेऊन मध्ये उभं राहायचं, सगळे संदेश इमानेइतबारे पोचवायचे, चौथा तेवढा दाबून ठेवायचा. बाकीचं राउटर आणि लॅपटॉप आपापले नियम पाळून स्वतःच करतात.

सोळा शून्यं

इथवर जे सांगितलं ते सगळ्यांना कमीअधिक लागू होतं. सप्लिकंटच्या २.४ आणि २.५ आवृत्त्यांत जे झालं ते जास्त वाईट होतं, आणि ते झालं काळजी घेण्याच्या भरात.

कर्नेलला दिल्यावर सत्र-किल्ली यूजरस्पेसच्या मेमरीत रेंगाळू नये, हा विचार चांगलाच. मानकातही अप्रत्यक्षपणे तसं सुचवलेलं आहे. म्हणून किल्ली बसवून झाली की ते १६ बाइट शून्याने पुसायची ओळ कोडमध्ये आली. वर टीप, सप्लिकंटला आता हिची गरज नाही अशा अर्थाची. गरज खरोखरच नव्हती, तिसरा संदेश दुसऱ्यांदा येईपर्यंत. तो आला की सप्लिकंट आपल्या खिशात हात घालणार आणि जे लागेल ते कर्नेलला देणार. खिशात आता सोळा शून्यं होती.

कर्नेलने तीही मुकाट्याने बसवली. मोजणी शून्य आणि किल्लीही शून्य. आता पॅकेटं एकमेकांवर ठेवून मजकूर ताडत बसायचीही गरज नाही, शून्याची किल्ली सगळ्या जगाला ठाऊक आहे. अँड्रॉइड ६ आणि त्यापुढचे फोन याच कोडवर चालत होते.

यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळी आहे. ही चूक क्रॅकच्या आधीच कोणाच्यातरी लक्षात आली होती! चौथा संदेश हरवला की पुढची जोडणी बिघडते, एवढंच दिसलं होतं. २.६ मध्ये, म्हणजे २०१६ सालीच, त्यावर दुरुस्ती आली. एक खूण ठेवायची: ‘किल्ली बसवायची बाकी आहे’. बसवली की खूण पुसायची, तिसरा संदेश पुन्हा आला तर खूण बघून गप्प राहायचं. ही दुरुस्ती रेडिओच्या गोंधळावरचा उपाय म्हणून झाली. मुद्दाम कोणी असं घडवून आणेल हे डोक्यात नव्हतं, म्हणून ती सुरक्षेची दुरुस्ती मानली गेली नाही आणि जुन्या आवृत्त्यांत उतरवलीही गेली नाही.

आणि ती अपुरी होती. खूण पुन्हा चढत होती पहिला संदेश आल्यावर. पहिल्या संदेशावर शिक्का नसतो हे वर आलंच आहे, म्हणजे तो कोणीही बनवू शकतो. तिसऱ्या संदेशाच्या दोन प्रतींच्या मध्ये एक बनावट पहिला संदेश सरकवला की खूण चढली, आणि पुन्हा सोळा शून्यं कर्नेलच्या वाटेला. २०१७ च्या दुरुस्तीत ही खूण यंत्रणेच्या सामायिक माहितीतून उचलून खुद्द किल्लीच्या डब्यात नेली: ‘ही किल्ली बसवलेली आहे’. बनावट संदेशाने दुसरी किल्ली जन्माला येते, तिची खूण वेगळी. जुन्या किल्लीवरची खूण तशीच राहते. एका बिटाची जागा बदलली, एवढाच काय तो फरक.

गट-किल्लीचं दुखणं यापासून वेगळं. ती सगळ्याच आवृत्त्या पुन्हा बसवत होत्या. तिथे उपाय म्हणून सप्लिकंटला शेवटची बसवलेली गट-किल्ली आपल्याकडे जपून ठेवावी लागली, म्हणजे नवी आलेली तीच आहे का हे ताडून बघता येईल. किल्ली वापरून झाली की विसरावी, या तत्त्वाच्या बरोबर उलट.

सगळं कर्नेलमध्येच ठेवलं तर?

ओपनबीएसडीवाल्यांना मोठी यंत्रणा आवडत नाही. त्यांनी २००८ पासून घरगुती डब्ल्यूपीएचा हँडशेक थेट कर्नेलमध्ये ठेवला आहे. वापरणाऱ्याला ‘आयएफकॉन्फिग’च्या एका ओळीत नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड द्यायचा, संपलं. वेगळा प्रोग्राम नाही, वेगळी कॉन्फिग फाइल नाही, यंत्र सुरू होताना कोण आधी उठलं याची भानगड नाही. त्यातही एक सूक्ष्म वाटणी आहे: पासवर्ड ४०९६ वेळा घुसळायचं काम आयएफकॉन्फिग स्वतः करतो आणि कर्नेलला फक्त ३२ बाइट देतो. म्हणून नेटवर्कचं नाव आधी द्यावं लागतं, नाहीतर घुसळायला सामग्रीच अपुरी. कचेरीचं ईएपी हवं असेल तर मात्र तिथेही सप्लिकंट पॅकेजातून बसवावा लागतो.

हा मार्ग मला मनापासून आवडतो, आणि क्रॅकमध्ये तोही सापडला. व्हानहूफची नजर अडली ती ओळ याच कर्नेलमधली. हँडशेक करणारा आणि किल्ली वापरणारा एकाच घरात होते, तरी त्यांच्यात ड्रायव्हरचा उंबरठा होता आणि प्रश्न त्या उंबरठ्यावरही तसाच पडलेला होता. बांध हलवला म्हणून गवत नाहीसं होत नाही.

दुरुस्ती करायला मात्र सोपं गेलं. चूक एका जागी, ती समजणारी माणसं एका चमूत. जुलैत कळलं आणि ३० ऑगस्ट २०१७ रोजी पॅच बाहेर पडला, जुन्या किल्ल्या पुन्हा बसू शकत होत्या अशा मोघम कारणासह. जाहीर वाच्यता व्हायला अजून दीड महिना होता. सगळ्यांनी मिळून गुप्तता पाळायची मुदत मधल्या काळात लांबवली गेली होती आणि ओपनबीएसडीला गुपचूप पॅच करायची मोकळीक व्हानहूफनेच दिली होती. नंतर त्याला तो निर्णय चुकल्यासारखा वाटला. उघड्या कोडमधला पॅच वाचून दुसऱ्या कोणाला मूळ चूक हुडकता आली असती. यापुढे ओपनबीएसडीला मुदत संपत आल्यावरच कळवू, असं त्याने लिहून टाकलं. दोन्ही बाजूंना आपापलं बरोबर वाटतं असा हा वाद आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर दुरुस्ती तयार असताना वापरणाऱ्याला दीड महिना ताटकळत ठेवणं मलाही जमलं नसतं.

आणखी एक गंमत. विंडोज आणि आयओएस चार संदेशांच्या हल्ल्यातून वाचले. कारण? तिसरा संदेश दुसऱ्यांदा आला तर ते तो घेतच नव्हते. मानकाप्रमाणे घ्यायला हवा होता. नियम मोडणारे वाचले आणि पाळणारे बुडाले. गट-किल्लीच्या हल्ल्यात मात्र तेही सापडले.

बांध फक्त सॉफ्टवेअरमध्ये नसतो, याचाही दाखला याच निबंधात आहे. काही यंत्रं एकदा किल्ली बसली की उघडा संदेश घेत नाहीत. मग तिसऱ्या संदेशाची उघडी प्रत पुन्हा कशी पोचवायची? हल्लेखोर दोन्ही प्रती पाठोपाठ सोडतो. वाय-फायच्या चिपमध्ये तोवर किल्ली नसते, म्हणून ती दोन्ही प्रती बिनविरोध मुख्य प्रोसेसरच्या रांगेत टाकते. प्रोसेसर पहिली उचलतो, पोच देतो, चिपला किल्ली बसवायला सांगतो. मग रांगेतली दुसरी उचलतो. ती किल्ली बसण्याआधी आलेली आहे हे आता कोणाच्या लक्षात राहणार? पुन्हा पोच, पुन्हा किल्ली, पुन्हा शून्य. ओपनबीएसडीत कुलूप लावण्याचं काम कर्नेल स्वतः करतो तो ड्रायव्हर आणि ते कार्डावर सोपवतो तो ड्रायव्हर, यांच्यातही याच कारणाने फरक पडला.

झाकण मिटलेलं असताना

सप्लिकंटच्या दुरुस्त्या आल्यावर लिनक्सपुरतं काम संपायला हवं होतं. बोलणी यूजरस्पेसमध्ये, चूक यूजरस्पेसमध्ये, पॅचही तिथेच. मॅक८०२११ सांभाळणाऱ्या योहानेस बर्गने तरीही कर्नेलमध्ये एक छोटा पॅच घातला, आणि त्यामागचं कारण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं.

लॅपटॉपचं झाकण मिटलं. यंत्र झोपलं, पण वाय-फायवरून कोणी हाक मारली तर उठायचं असं ठरलं असेल तर कार्ड जागं राहतं. राउटर ठरावीक वेळाने गट-किल्ली बदलतो, आणि दर वेळी त्यासाठी सगळ्या यंत्राला उठवायचं म्हणजे झोपण्यात अर्थच नाही. म्हणून झोपण्याआधी सप्लिकंट एक मुखत्यारपत्र लिहून देतो: शिक्क्याची किल्ली, लखोट्याची किल्ली आणि हँडशेकचे संदेश कुठवर मोजून झाले तो आकडा, तिन्ही एका हुकमात कार्डाच्या फर्मवेअरला, म्हणजे कार्डाच्याच आत चालणाऱ्या प्रोग्रामला. मग मध्यरात्री राउटरने नवी गट-किल्ली पाठवली की फर्मवेअर लखोटा उघडतं, किल्ली वापरात घेतं, पोच देतं. मालक झोपलेलाच.

सकाळी झाकण उघडतं. ड्रायव्हर फर्मवेअरकडून नवी गट-किल्ली आणि तिची मोजणी घेतो आणि मॅक८०२११ ला देतो. सप्लिकंटला संदेशांच्या मोजणीचा नवा आकडा कळतो, पण नवी किल्ली कळत नाही. त्याच्या वहीत अजून झोपण्याआधीचीच किल्ली आहे.

आता हल्लेखोराने रात्री फर्मवेअरची पोच दाबून ठेवली असेल तर राउटरच्या मते हे काम अजून अपुरं आहे. तो तीच गट-किल्ली पुन्हा पाठवतो आणि हल्लेखोर ती झाकण उघडल्यावर पोचेल असं बघतो. सप्लिकंट ताडून बघतो, आपल्या वहीतली ही नाही, म्हणजे नवी दिसते. बसवा! कर्नेलमध्ये तीच किल्ली आधीपासून आहे, तिची मोजणी पुढे गेलेली आहे, आणि ती आता मागे येणार. जुनी पॅकेटं पुन्हा वाजवायला रान मोकळं.

सप्लिकंटने कितीही शहाणपणा केला तरी हे त्याला रोखता येत नाही, कारण त्याच्या हातात ती माहितीच नाही. ज्याच्याकडे मोजणी आहे त्यालाच ओळख पटू शकते, आणि मोजणी कर्नेलकडे आहे. बर्गचा पॅच तेवढंच करतो. किल्ली बसवायच्या फंक्शनमध्ये आधीची किल्ली आणि आलेली किल्ली यांची लांबी आणि बाइट ताडून बघायचे. तीच असेल तर यूजरस्पेसला ‘झालं’ म्हणून सांगायचं आणि काहीच करायचं नाही. मोजणी जिथल्या तिथे.

‘झालं’ म्हणायचं, चूक म्हणून परत पाठवायचं नाही, हा बारकावाही सुटू नये. त्रुटी परत पाठवली असती तर जुने सप्लिकंट गोंधळून जोडणी तोडत बसले असते. कर्नेलचा नियम असा की यूजरस्पेसचा जुना प्रोग्राम मोडायचा नाही. तो चुकत असला तरी त्याला सांभाळून घ्यायचं.

वाटलं तेवढं ते सरळ गेलं नाही. थोड्याच दिवसांत बर्गलाच दुसरा पॅच घालावा लागला. टीकेआयपी या जुन्या पद्धतीत किल्लीचे तीन भाग असतात. त्यातला पाठवताना वापरायचा तपास-भाग लॅपटॉपच्या बाजूला गट-किल्लीसाठी लागतच नाही, म्हणून इंटेलच्या कार्डांचं फर्मवेअर तो देतच नाही. सप्लिकंट मात्र पूर्ण किल्ली देतो. झोपेतून उठल्यावर फर्मवेअरकडची किल्ली आणि सप्लिकंटकडची किल्ली ताडली की त्या न वापरल्या जाणाऱ्या भागामुळे त्या वेगळ्या निघणार, आणि पहारा निकामी. उपाय: ताडण्याआधी तो भाग दोन्हीकडे शून्य करायचा. त्याच सुमारास जेसन डोनेनफेल्ड या दुसऱ्या कर्नेल-लेखकाने बाइट ताडायची पद्धत बदलून घेतली, ताडायला लागणाऱ्या वेळावरून किल्लीचा अंदाज येऊ नये म्हणून. चार ओळींच्या तपासणीला तीन नजरा लागल्या: एक किल्लीवर, एक फर्मवेअरवर, एक घड्याळावर.

आपलं कार्ड झोपेत हे काम करतं का, हे बघायचं असेल तर टर्मिनलवर ‘आयडब्ल्यू फाय’ कमांड द्यावी. येणाऱ्या लांबलचक यादीत वोव्लॅन (वाय-फायवरून हाक मारून उठवायची सोय) या नावाखाली गट-किल्ली बदलता येते अशा अर्थाची ओळ असेल तर करतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती ओळ आहे. मी ती यादी कितीदा बघितली असेल, पण त्या ओळीचा अर्थ या पॅचची टीप वाचेपर्यंत मला कळला नव्हता.

मॅक८०२११ च्या बाहेर

त्यानंतर बांध दोन्ही दिशांना सरकला. एकीकडे हँडशेकचे संदेश आणि किल्लीचे हुकूम एकाच वाटेने नेण्याची सोय झाली. पूर्वी संदेश पॅकेट सॉकेट या वेगळ्या वाटेने जायचे आणि किल्ली एनएल८०२११ वरून, म्हणजे चौथा संदेश आधी पोचेल की किल्ली आधी बसेल, याचा भरवसा नाही. २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीपासून संदेशही एनएल८०२११ वरूनच पाठवता येऊ लागले. इंटेलमध्ये सुरू झालेला ‘आयडब्ल्यूडी’ हा सप्लिकंटचा नवा भाऊ तीच वाट धरतो, आणि किल्ल्यांचं पुष्कळसं गणितही कर्नेलच्या क्रिप्टोकडून करून घेतो.

दुसरीकडे सगळंच खाली ढकलायची ओढ आहे. फोनमधल्या आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डांवरच्या ब्रॉडकॉमच्या चिपा मॅक८०२११ वापरतच नाहीत. मोजणी, डबे, सगळं चिपच्या फर्मवेअरमध्ये. २०१७ मध्येच कर्नेलमध्ये अशीही सोय आली की मूळ किल्लीच चिपला देऊन टाकायची आणि चारही संदेश तिने परस्पर उरकायचे. बॅटरी वाचते, आणि बांधाचा प्रश्न एका डब्यात बंद होतो. तो डबा उघडून बघता मात्र येत नाही. बर्गने घातलेली ती ताडणी तिथल्या वाटेवर लागतच नाही. चिपवाल्याने तशी ताडणी घातली आहे का, हे त्यालाच ठाऊक. पासवर्डचं काम फर्मवेअरला देऊ नये इतका कडवा मी नाही, पण देताना आपण कर्नेलमधल्या त्या चार ओळीही मागे ठेवून जातो, एवढं लक्षात असावं.

अँड्रॉइडवर ही दुरुस्ती ६ नोव्हेंबर २०१७ च्या पॅच पातळीत आली. माझ्या टेबलाच्या खणात एक जुना फोन आहे, अँड्रॉइड ६, पॅच पातळी सप्टेंबर २०१७. बनवणाऱ्याने त्यानंतर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. फोन ठणठणीत आहे, स्क्रीनवर ओरखडा नाही. तो आता विमान मोडवर असतो आणि सकाळी सहाचा गजर लावतो.